कोणता दुष्काळ, कोणाचं बियाणं?

(अकोल्यात तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण, थोड्या दुरुस्त्यांसह)



२०२४ च्या मे महिन्याची आठवण करून देतो. अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू केलं. आपल्या शहरात जमावबंदी म्हटलं की पोटात गोळा येतो. आदल्याच वर्षीच्या मे महिन्यात जुन्या शहरात काय झालं होतं ते इथं बसलेलं कोणी विसरलेलं नाही. पण या वेळी कारण ऊन होतं. पारा ४५ च्या वर गेला होता. शिकवणीचे वर्ग सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर घ्या, मजुरांना पाणी, सावली, पंखे द्या, असा तो आदेश. आणि त्याच मे महिन्यात याच शहरात कृषी केंद्रांपुढे शेतकरी रांगा लावून उभे होते, कपाशीच्या एका ठरावीक वाणाच्या पाकिटासाठी. जमावबंदी उन्हामुळे आणि जमाव बियाण्यासाठी.

मला आज या दोनच गोष्टींवर बोलायचं आहे. ऊन आणि पाण्याची ओढ सोसणारं पीक जनुकं बदलून तयार करता येतं का, आणि आलं तर ते आपल्या वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या किती कामाचं असेल.

मी कृषिशास्त्रज्ञ नाही. इंजिनिअरिंग करून बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करतोय. पण आमच्या दादाजींची पाच एकर जमीन पूर्णा नदीच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात आहे आणि चाचा आजही ती कसतात. दर मे महिन्यात चाचांचा फोन येतो. कोणीतरी व्हिडिओ पाठवलेला असतो आणि चाचा विचारतात, "बेटा, तू कम्प्युटरवाला है, ये सच है क्या? बिना पानी का बीज आया बोलते." त्या एका प्रश्नाचं धड उत्तर देता यावं म्हणून मी वाचायला लागलो. वाचता वाचता कळलं की प्रश्न चाचा समजतात त्यापेक्षा मोठा आहे, आणि व्हिडिओवाले सांगतात त्यापेक्षा बराच गुंतागुंतीचा.

हा विषय ठरला तेव्हा एक मित्र म्हणाला, शेती हा काही आपल्या लोकांचा विषय नाही. मला हे पटत नाही. वऱ्हाडातला मुसलमान कापसाभोवतीच वाढला. पिंजारी, म्हणजे आजचे मन्सुरी, कापूस पिंजत आले. जिनिंगमधला मजूर, अडतीवरचा हमाल, गाड्या भरणारा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, बाजारात भाजी विकणारा, यांच्यातली किती घरं आपली आहेत ते मोजा. आकोट, बाळापूर, पातूर भागात जमीन कसणारी घरंही आहेत. कापूस बुडाला की सगळ्यात आधी हमाली बुडते.

आता दुष्काळ. हा शब्द आपण एकवचनी वापरतो, तिथेच पहिली गल्लत होते.

चाचांच्या शेतात तीन वेगवेगळे दुष्काळ येतात. पहिला जूनमध्ये. मृगात पाऊस पडतो, लोक पेरतात, मग पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडं. कोवळं रोप करपतं आणि दुबार पेरणी येते. दुसरा ऑगस्टचा खंड. कपाशीला पाती लागलेली असतात, सोयाबीन फुलावर असतं, आणि ऐन वेळी पाऊस दडी मारतो. पाती गळतात. तिसरा रब्बीतला. आपल्या काळ्या जमिनीत हरभरा पेरतात तो जमिनीतल्या ओलाव्याच्या भरवशावर. डिसेंबर-जानेवारीपर्यंत खालची ओल त्याला पुरते, मग जमिनीला भेगा पडतात, आणि नेमकं तेव्हाच घाटे भरायचे असतात. त्यात फेब्रुवारीत ऊन चढलं तर आणखी वाईट. हरभऱ्याचं फूल ३५ अंशांच्या वर परागकण नीट धरत नाही. झाड हिरवं दिसतं, घाट्यात दाणा नसतो.

बाकी वऱ्हाडात निदान कोणी म्हणेल, विहिरीचं एक पाणी देऊ. खारपाणपट्ट्यात तेही नाही. अकोला, अमरावती, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात शेकडो गावं आहेत आणि जमिनीखालचं पाणी खारं आहे. चिकण काळ्या मातीला ते पाणी वारंवार दिलं की माती दगडासारखी होते, पाणी मुरत नाही. म्हणजे विहीर आहे, तिच्यात पाणीही आहे, आणि तरी शेत कोरडवाहू. आमच्या विहिरीचं पाणी दादाजी फक्त बैलगाडी धुवायला वापरत. तेव्हा "दुष्काळ सोसणारं बी" असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो: यातला कोणता दुष्काळ?

हे जनुकांच्या पातळीवर का महत्त्वाचं आहे ते सांगतो. बीटी कपाशीत काम सोपं होतं. मातीतल्या एका जीवाणूचं एक जनुक कपाशीत घातलं, त्या जनुकाने एक प्रथिन बनवलं, ते खाऊन बोंडअळी मरते. एक जनुक, एक काम. पाण्याची ओढ सोसणं हे असं एका जनुकाचं काम नाही. मुळं किती खोल जातात, पानांवरची सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, कधी मिटतात, पेशीत कोणती द्रव्यं साठतात, फुलोरा किती लवकर येतो, हे सगळं त्यात येतं आणि त्यामागे शेकडो जनुकं असतात.

तरीही शास्त्रज्ञांना एक वाट सापडली. काही जनुकं मुकादमासारखी असतात. ती स्वतः फार काम करत नाहीत, बाकीच्यांना कामाला लावतात. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातल्या अॅराबिडॉप्सिस नावाच्या रोपात असं एक जनुक अभ्यासलं, ड्रेब-१ए. ते चालू झालं की दुष्काळाशी लढणारी बरीच जनुकं एकदम जागी होतात. त्यांनी ते जनुक कायम चालू राहील अशी व्यवस्था केली. रोपं दुष्काळात टिकली, पण खुरटी राहिली. जो माणूस रात्रंदिवस दाराशी लाठी घेऊन बसेल तो शेतात काम कधी करणार? मग १९९९ च्या सुमारास त्यांनी त्या जनुकाला दुसरा स्विच जोडला. हा स्विच पाण्याची ओढ बसली तरच चालू होतो, एरवी बंद. रोपं टिकली आणि वाढलीही. मी हे वाचलं तेव्हा मला फार जवळचं वाटलं. आम्ही प्रोग्रॅममध्ये रोज हेच करतो, अट लिहितो: अमुक झालं तरच हे चालव.

हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेने हेच जनुक याच स्विचसह भुईमुगात घातलं आणि २००७ मध्ये निकाल प्रसिद्ध केले. तेवढ्याच पाण्यात रोप जास्त वाढ करत होतं. तो भुईमूग आजही आपल्या बाजारात नाही. प्रयोगशाळेतल्या कुंडीपासून चाचांच्या शेतापर्यंतचं अंतर किती आहे याचा अंदाज यावरून करा.

त्या अंतरात एक अडचण मुळातलीच आहे. पाणी वाचवायला झाड पर्णरंध्रं मिटतं. पण त्याच छिद्रांतून ते हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, त्यातून अन्न तयार करतं. तोंड मिटून बसलेलं झाड वाचतं, पण दाणा भरत नाही. जाहिरातीतला फोटो वाचलेल्या झाडाचा असतो. बाजारात मात्र आपण दाणा विकतो.

जगात अशी पिकं शेतात गेली आहेत का? गेली आहेत, थोडी. अमेरिकेत मोन्सॅन्टोचा दुष्काळ सोसणारा मका, त्याला सरकारी मंजुरी २०११ मध्ये मिळाली. त्यात एका जीवाणूचं जनुक आहे. मध्यम ताण असेल तर तो काही टक्के उत्पन्न वाचवतो. पाऊसच पडला नाही तर तोही वाळतो. अर्जेंटिनात राकेल चान या शास्त्रज्ञ बाईंच्या गटाने सूर्यफुलातलं एक जनुक गव्हात घातलं. त्या एचबी-४ गव्हाला तिथे २०२० मध्ये मंजुरी मिळाली आणि २०२२ मध्ये तो बाजारात आला. सार्वजनिक विद्यापीठात सुरू झालेलं काम म्हणून मला त्याबद्दल आदर आहे. पण त्याच गव्हात ग्लुफोसिनेट हे तणनाशक सोसणारं दुसरं जनुकही आहे. म्हणजे दुष्काळाचं फीचर घ्यायला गेलात की तणनाशकाचं सोबत येतं. मोबाइल घेतल्यावर न मागितलेली ॲप येतात ना, तसं.

आणि इंडोनेशिया. तिथे सरकारी साखर कंपनी, जेम्बेर विद्यापीठ आणि जपानची अजिनोमोटो यांनी मिळून दुष्काळ सोसणारा ऊस तयार केला. मुळांवर गाठी करणाऱ्या एका जीवाणूचं जनुक त्यात घातलं आहे, ते पेशीत ओल धरून ठेवणारं द्रव्य तयार करतं. २०१३ मध्ये लागवडीला मंजुरी मिळाली. याच वर्षी तिथल्या उलेमा परिषदेने जनुकबदलावर फतवा काढला: फायद्याचं असेल, अपायकारक नसेल आणि जनुक हराम स्रोताचं नसेल तर जायज. आपल्या मुलांच्या ग्रुपवर "बीटीमध्ये डुकराचं जनुक आहे" असे मेसेज फिरतात म्हणून हे सांगितलं. बीटीत मातीतल्या जीवाणूचं जनुक आहे. पण मला त्या फतव्यातली दुसरी अट जास्त महत्त्वाची वाटते. अपाय आहे की नाही हे ठरवायला फतवा पुरत नाही, त्याला शेतातल्या चाचण्या आणि त्यांचे उघड आकडे लागतात.

आता घराजवळ येऊ. १० जून २०१९ रोजी आपल्या आकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर गावात शेतकरी संघटनेचे कार्यकर्ते आणि शेतकरी मोठ्या संख्येने जमले आणि त्यांनी एका शेतात उघडपणे एचटीबीटी कपाशी लावली. या बियाण्याला सरकारची मंजुरी नव्हती. पर्यावरण संरक्षण कायद्यात त्या वेळी यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. नंतर काही शेतकऱ्यांवर गुन्हेही दाखल झाले. संघटनेचं म्हणणं साधं होतं: जगातला शेतकरी जे तंत्रज्ञान वापरतो ते आम्हाला का नाही?

त्या मागणीत मला खरेपणा दिसतो. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, हे शेतकरी खोटं बोलत नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, एचटीबीटी दुष्काळासाठी नाही, ती ग्लायफोसेट तणनाशक सोसते, एवढंच. ते फवारलं की तण मरतं, कपाशी राहते. म्हणजे निंदणाची मजुरी वाचते, आणि ज्या बायांचा पावसाळा त्या मजुरीवर निघतो त्यांचं काम जातं. त्यांत आपल्या मोहल्ल्यातल्या बायाही असतात, सकाळी ऑटोत दाटीवाटीने बसून खेड्यांत जाणाऱ्या. दुसरी गोष्ट, मंजुरी नसलेलं बी बंदीने थांबलं नाही. ते गावोगाव पोचलंच. लोक त्याला "चोर बीटी" म्हणतात. चाचांनीही एका हंगामात एक पाकीट आणलं होतं. विकणाऱ्याने सांगितलं, हे पाणी कमी लागणारं आहे. पाकिटावर कंपनीचं नाव नाही, लॉट नंबर नाही, पावती नाही. निम्मं उगवलंच नाही. तक्रार कोणाकडे करणार आणि कशाच्या आधारावर? परवानगीवाल्या पाकिटावर निदान भांडता येतं.

दुष्काळाचं बी येईल तेव्हा बीटीचा धडा उपयोगी पडेल, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो. भारतात बीटी कपाशीला २६ मार्च २००२ रोजी मंजुरी मिळाली. जालन्याच्या महिकोचे तीन संकरित वाण होते, जनुकाचं तंत्रज्ञान मोन्सॅन्टोचं. सुरुवातीला बोंडअळी आटोक्यात आली, फवारण्या कमी झाल्या, हे मान्य करायला हवं. विरोधक ते मान्य करत नाहीत आणि तिथेच शेतकऱ्याचा विश्वास गमावतात. पण २००५ च्या आसपास ४५० ग्रॅमचं पाकीट १६०० रुपयांच्या वर गेलं होतं. आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारीविरोधी आयोगाकडे गेलं तेव्हा, २००६ मध्ये, भाव ७५० वर आला. पुढे अळीने जुळवून घेतलं. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कपाशीची वाताहत केली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर मेले. हातमोजे नाहीत, मास्क नाही, अंगावर उडणारं औषध.

पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट जनुकाची नव्हतीच. बीटी जनुक आपल्याकडे जवळजवळ फक्त संकरित वाणांत आलं. सरळ वाणाचं बी तुम्ही पुढच्या वर्षी पेरू शकता. संकरित बियाण्याची सरकी पेरली तर पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत, म्हणून दर वर्षी नवं पाकीट. आमच्या धंद्यातली भाषा वापरतो: हे वार्षिक वर्गणीचं सॉफ्टवेअर आहे. वर्गणी भरा, नाहीतर बंद. शिवाय यातले बरेच वाण लांब मुदतीचे. पाऊस सप्टेंबरअखेर संपतो आणि कपाशी पुढे दोन-तीन महिने शेतात उभी, ओल संपलेली, अळी आलेली. ओलिताच्या शेतकऱ्याला हे चालतं. कोरडवाहूवाल्याने अळीविरोधी जनुकाचे पैसे दिले आणि त्याबरोबर दुष्काळाची जोखीम विकत घेतली. जनुक कोणत्या वाणात बसवायचं हा निर्णय कोण घेतं आणि कोणाचा फायदा बघून घेतं, हे त्या जनुकाइतकंच महत्त्वाचं आहे.

हे वेगळ्या पद्धतीने होऊ शकतं याचा पुरावा शेजारी आहे. बीटी वांगं माहीत असेल. तेही महिकोच्याच तंत्रज्ञानाचं. भारतात केंद्रीय समितीने २००९ मध्ये हिरवा कंदील दिला, पण ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली, ती आजवर उठलेली नाही. बांगलादेशाने २०१३ मध्ये त्याच तंत्रज्ञानाला मंजुरी दिली. तिथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेने जनुक आपल्या सरळ वाणांत घातलं. जानेवारी २०१४ मध्ये वीस शेतकऱ्यांना रोपं दिली, चार वर्षांत ती हजारो शेतकऱ्यांकडे गेली. शेतकरी बी घरी ठेवू शकतो. जालन्यात तयार झालेली गोष्ट जालन्याच्या शेतकऱ्याला मिळत नाही, ढाक्याजवळच्या शेतकऱ्याला मिळते, आणि तीही वर्गणीशिवाय. बीटी वांगं चांगलं की वाईट यावर तुमचं माझं मत काही असो. बियाणं सार्वजनिक संस्थेच्या हातात असलं की सौदा कसा बदलतो ते इथे दिसतं.

गेल्या काही वर्षांत गाडी पुढे गेली आहे. आता बाहेरचं जनुक न घालता पिकाच्याच जनुकात छोटी दुरुस्ती करता येते. क्रिस्पर या रेणूंच्या कात्रीसाठी दोन शास्त्रज्ञ बायकांना, शार्पाँत्ये आणि डाउडना यांना, २०२० चं नोबेल मिळालं. मजकुरात नवा परिच्छेद घुसवणं आणि एखादं अक्षर खोडणं यात जो फरक आहे, तोच इथे. ३० मार्च २०२२ च्या आदेशाने केंद्र सरकारने अशा, बाहेरचं जनुक नसलेल्या पिकांना जुन्या कडक नियमांतून मोकळं केलं. ४ मे २०२५ रोजी कृषिमंत्र्यांनी असे दोन तांदूळ जाहीर केले. त्यातला एक आपल्या विषयाचा आहे, पुसा डीएसटी राइस-१. आंध्रातल्या एमटीयू-१०१० या लोकप्रिय वाणात डीएसटी नावाचं जनुक निकामी केलं आहे. हे जनुक चालू असताना पर्णरंध्रं जास्त उघडी राहतात. ते बंद केलं की झाड पाणी जपून वापरतं आणि क्षारही जास्त सोसतं, असा दावा आहे. चाचण्यांच्या आकड्यांवर जनुकबदलविरोधी संघटनांनी आक्षेप घेतले, संशोधन परिषदेने ते फेटाळले. कोण बरोबर हे ठरवायचं तर सगळ्या ठिकाणांचे, सगळ्या वर्षांचे आकडे कोणालाही वाचता येतील असे ठेवायला हवेत. आमच्याकडे कोड तपासायला दिल्याशिवाय पुढे जात नाही, मग बियाण्याला वेगळा न्याय का?

"पाण्याची ओढ आणि क्षार" हे दोन शब्द एकत्र ऐकले की मला खारपाणपट्टा दिसतो. पण हा भात आहे. भात गोंदिया-भंडाऱ्याचा, आपला नाही. केंद्राच्या २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात पिकांच्या जनुक-संपादनासाठी ५०० कोटी रुपये जाहीर झाले. त्यातले हरभरा, तूर, ज्वारी, देशी कपाशी यांच्या वाट्याला किती, हा प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारण्यासारखा आहे. दहा रुपयांचं काम आहे.

कात्रीच्या मालकीचाही प्रश्न आहे. क्रिस्परची मुख्य पेटंटं परदेशी संस्था आणि कंपन्यांकडे आहेत. आपल्या संस्थेने पीक बनवलं तरी बाजारात आणताना परवाना लागू शकतो. इथे एक नाव मुद्दाम सांगतो: कुतुबुद्दीन मोल्ला. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ. त्यांच्या गटाने टीएनपीबी नावाच्या प्रथिनावर बेतलेली, क्रिस्परच्या नेहमीच्या प्रथिनापेक्षा खूप लहान अशी कात्री वनस्पतींत चालवून दाखवली आणि २०२५ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तिला पेटंट दिलं. सरकारी संस्थेचं पेटंट. माझ्या मावसभावाला बारावीनंतर काय करू विचारलं की चार जण कम्प्युटर सांगतात, दोन जण फार्मसी. कृषी विद्यापीठ कोणी सांगत नाही, आणि ते त्याच्या घरापासून ऑटोने जाण्याइतकं जवळ आहे.

हो, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. १९६९ पासून आपल्याच शहरात. राज्याचं बियाणे महामंडळ, महाबीज, त्याचं मुख्यालयही अकोल्यातच. विद्यापीठाचे देशी कपाशीचे सरळ वाण आहेत, एकेए मालिकेतले. धागा आखूड, म्हणून गिरणीत भाव कमी, पण ओढ सोसण्यात गावरानी कपाशी अमेरिकन कपाशीला ऐकत नाही. तुमच्या गावात "जॅकी" हरभरा पेरतात ना? ते जेएकेआय-९२१८. त्या चार अक्षरांत जबलपूर, अकोला आणि इक्रिसॅट या तिघांची नावं आहेत. कोणतंही जनुक कापलं-चिकटवलं नाही, जुन्या पद्धतीने निवड करत काढलेला वाण. जबलपूरचा जेजी-१४ हरभरा उशिराच्या पेरणीत ऊन सोसतो, तोही असाच. आणि मधली एक वाट आहे: जनुकांच्या खुणा बघून निवड करणं. आयसीसी-४९५८ नावाच्या हरभऱ्याची मुळं खोल जातात. त्याचा तेवढा तुकडा खुणांच्या मदतीने दुसऱ्या वाणात आणून दिल्लीच्या पुसा संस्थेने इक्रिसॅटसोबत पुसा-१०२१६ हा वाण काढला, मध्य भारतातल्या कोरडवाहू भागासाठी. चाचांच्या तिसऱ्या दुष्काळाला, घाटे भरतानाच्या दुष्काळाला, हे आजचं सगळ्यात जवळचं उत्तर आहे. त्याचे व्हिडिओ मात्र फिरत नाहीत, कारण त्यात कोणाला दर वर्षी पाकीट विकायचं नाही.

म्हणून जनुकबदलाला सरसकट हो किंवा सरसकट नाही म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. खोल मुळांचा हरभरा निवडीतून मिळत असेल तर तो घेऊ. फेब्रुवारीच्या उन्हात परागकण टिकवायचा असेल आणि ते निवडीतून जमत नसेल, तर जनुक-संपादन करा, पण अकोल्याच्या वाणात करा, सरळ वाणात करा, आणि बी महाबीजच्या पिशवीत विका. आपला २००१ चा वाण संरक्षण कायदा शेतकऱ्याला बी ठेवण्याचा, पुन्हा पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा, ब्रँडशिवाय विकण्याचाही हक्क देतो. वाण संकरित असला की हा हक्क कागदावर राहतो.

चाचांना मी शेवटी काय सांगितलं? बिनपाण्याचं बी आलेलं नाही. कोणी विकायला आला तर त्याला विचारा: जूनच्या ओढीसाठी आहे, ऑगस्टच्या खंडासाठी की घाटे भरतानाच्या? खारपाणपट्ट्यात चाचणी झाली का, किती हंगाम? चांगल्या पावसाच्या वर्षी उत्पन्न घटतं का? पुढच्या वर्षी पेरता येतं का? आणि पावती द्या. चाचा म्हणाले, "इतना पूछेंगे तो वो देगाच नहीं." मग नका घेऊ, म्हटलं.

कृषी विद्यापीठात दर वर्षी खरिपाच्या शेवटी शिवार फेरी असते. शेतात उभे असलेले वाण दाखवतात, शास्त्रज्ञ समोर असतात, कोणीही जाऊन विचारू शकतो. यंदा आपण इथून जायचं असं ठरवलंय. शेती असलेल्या घरांतल्या मुलांनी आपापल्या चाचा-मामूंना सोबत आणावं, खारपाणपट्ट्यातल्या गावांना आधी जागा. आणि निंदणाला जाणाऱ्या बायांपैकी दोघी-चौघी आल्या तर फार बरं, कारण तणनाशकावर बोलणं निघेल तेव्हा त्या तिथे असायला हव्यात. त्या दिवसाची त्यांची मजुरी बुडेल, ती आपण वर्गणीतून देऊ. नावं मागे सबाकडे लिहून द्या. आता प्रश्न घेऊ.